सौर पॅनेलखाली पीक: जमीन भाड्याने देण्याआधी हे तपासा

तुमचे शेत वीज उपकेंद्राजवळ असेल तर सौर प्रकल्पासाठी जमीन भाड्याने द्यावी का, हा प्रश्न पडणारच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये हेक्टरी वर्षाला किमान 1 लाख 25 हजार रुपये भाडे आणि दरवर्षी 3 टक्के वाढ ठरलेली आहे. एकरी हिशेब केला तर साधारण 50 हजार रुपये. पाऊस दगा देवो किंवा सोयाबीनचा भाव पडो, हे पैसे ठरलेले. पण करार 25 वर्षांहून अधिक चालतो. तेवढा काळ त्या काळ्या जमिनीत पीक, कडबा, मजुरी काहीच नसेल, तर तो तोटाही हिशेबात धरावा लागतो.

वीज आणि पीक एकाच जमिनीत

यावर उपाय म्हणून कृषी-सौर पद्धतीचा अभ्यास सुरू आहे. पॅनेल उंचावर किंवा दोन ओळींत जास्त अंतर ठेवून बसवायचे आणि खाली पीक घ्यायचे. ही कल्पना 1981 मध्ये जर्मनीत मांडली गेली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही जीआयझेड या जर्मन संस्थेच्या सहकार्याने असा प्रकल्प उभा राहिला आहे. हे काम एका विषयाचे नाही. पिकाची सावली कृषिविद्या पाहते, पॅनेलचा कोन अभियंता ठरवतो, ओलावा मृदाशास्त्रज्ञ मोजतो आणि परवडते का हे अर्थशास्त्र सांगते.

सोयाबीन-तूर आंतरपिकाचा हिशेब इथेही लागू होतो. एकट्या पिकाच्या तुलनेत उत्पादन 80 टक्के आणि एकट्या प्रकल्पाच्या तुलनेत वीज 80 टक्के मिळाली, तर त्याच जमिनीचा उपयोग 160 टक्के झाला.

प्रयोगांत काय दिसले?

- जर्मनीतील हेगेलबाख येथे 2017 मध्ये पॅनेलखालील गहू व बटाट्याचे उत्पादन 18 ते 19 टक्क्यांनी घटले. 2018 च्या कडक उन्हाळ्यात मात्र बटाटा 11 टक्के जास्त आला.
- अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या प्रयोगात (2019) चेरी टोमॅटोचे उत्पादन दुप्पट झाले. दर दोन दिवसांनी पाणी दिल्यावर जमिनीत ओलावा 15 टक्के जास्त टिकला. पिकाच्या गारव्यामुळे दिवसा पॅनेलही सुमारे 9 अंश थंड राहिले.
- जोधपूरच्या काझरी संस्थेने पॅनेलच्या ओळींत मूग, मटकी, जिरे अशी कमी उंचीची पिके घेतली.

अर्थ असा की ऊन आणि पाण्याचा ताण जिथे जास्त, तिथे सावलीचा फायदा जास्त. ढगाळ हंगामात मात्र तीच सावली नडते.

आपल्याकडे कोणते पीक निवडावे?

- योग्य: हळद, आले, कोथिंबीर, मेथी, पालक. ही पिके थोडी सावली सोसतात. हळदीला पाण्याचा निचरा चांगला हवा.
- दोन ओळींमधील उजेडात करून पाहावीत: मूग, उडीद, हरभरा, उन्हाळी भाजीपाला.
- टाळावीत: कापूस, ज्वारी, मका, ऊस. यांना भरपूर ऊन लागते. तूर उंच वाढून पॅनेलवरच सावली पाडते.
- सोयाबीन: दाट सावलीत झाड उंच वाढून लोळते व शेंगा कमी लागतात. म्हणून थेट पॅनेलखाली पेरू नये.

जागेवर घ्यायची काळजी

1. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खांबांचा पाया माती परीक्षण करूनच ठरवावा.
2. पॅनेलच्या खालच्या कडेवरून पावसाचे पाणी एकाच रेषेत पडते. तिथे चर काढून पाणी बाहेर काढावे, नाहीतर मूळकूज वाढते.
3. ट्रॅक्टर व फवारणी यंत्र वळेल एवढी उंची आणि अंतर आधीच ठरवावे. नंतर खांब हलत नाहीत.
4. फवारणीचे डाग पॅनेलवर पडू देऊ नयेत. केबल कुदळ-नांगराच्या खोलीपेक्षा खाली असावी.

सही करण्याआधी

पीएम-कुसुम योजनेच्या 'अ' घटकात लागवडीच्या जमिनीवर खांबांवर पॅनेल उभारून खाली शेती करण्याची मुभा आहे. उंच सांगाड्याचा खर्च मात्र जास्त असतो. त्यामुळे कंपनी स्वतःहून ही रचना सुचवेल असे नाही, विचारणा तुम्हीच करावी. खाली पीक घेण्याचा हक्क, शेतात जाण्याची वाट, पिकाच्या नुकसानीची भरपाई आणि करार संपल्यावर खांब काढून जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी या चार गोष्टी करारात लेखी असाव्यात. तोंडी शब्दावर विसंबू नये.

सहायक कृषी अधिकारी आणि विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना परभणीचा प्रकल्प हंगामात, पीक उभे असताना दाखवावा. सगळी जमीन एकदम गुंतवू नये. खाण्यापुरते आणि जनावरांच्या चाऱ्यापुरते रान मोकळे ठेवूनच निर्णय घ्यावा.