'ओन्ली' कोठे बसवावे?

मुरुडहून जंजिऱ्यास जाऊ इच्छिणारा प्रवासी राजापुरीच्या धक्क्यावर येतो, आणि तेथे 'बोट्स ओन्ली लीव्ह राजापुरी इन द मॉर्निंग' अशी इंग्रजी इत्तला टांगलेली आहे असे क्षणभर गृहीत धरले, तर त्या सात शब्दांतून नेमका कोणता हुकूम निघतो, हे ती वाचणाऱ्याच्या सुरावाचून ठरत नाही. 'मॉर्निंग'वर सूर चढविला तर दुपारी होडी नाही. 'राजापुरी'वर चढविला तर सकाळी अन्य बंदरातून होडी नाही. आणि कोणी 'लीव्ह'वरच जोर दिला, तर होड्या सकाळी नुसत्या सुटतात, परत आणण्याची हमी कोणी घेत नाही!

मराठीत हा पेच सहसा उद्भवत नाही. 'होड्या राजापुरीहून सकाळीच सुटतात' आणि 'होड्या सकाळी राजापुरीहूनच सुटतात' यांतला 'च' ज्या शब्दाची कड घेतो त्यालाच चिकटून राहतो. आपले व्याकरणकार त्याला 'ही', 'सुद्धा', 'मात्र' यांच्या पंक्तीस बसवून शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात. त्यामुळे आवाज विरून गेला तरी दस्तऐवजाचा अर्थ शाबूत राहतो.

इंग्रजीत 'ओन्ली'ने क्रियापदाच्या अलीकडे बसण्याची वहिवाट फार जुनी आहे, आणि त्याचा अंमल कोणत्या शब्दावर चालावा हे सुराचा चढउतार ठरवितो. ते अव्यय नेमक्या शब्दाशेजारीच हवे असा हट्ट धरणाऱ्या पंतोजींचा फाउलर या इंग्रज कोशकाराने 1926 च्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात चांगलाच समाचार घेतला. बोलण्यापुरते ते मला मान्य आहे; सरकारी नोटिशीला मात्र कंठ नसतो, तेथे पंतोजीच बरे. शिवाय काही क्रियाविशेषणे जागा बदलताच कामही बदलतात: 'शी स्पोक नॅचरली' म्हणजे ती सहजतेने बोलली, पण 'नॅचरली, शी स्पोक' म्हणजे ती बोलली यात नवल ते काय.

आपण मंडळी इंग्रजी बोलताना सूर सपाट ठेवतो आणि 'च'चे काम 'ओन्ली'कडून करवून घेतो. 'आजच आलो' याचे 'आय केम टुडे ओन्ली' होते, आणि ऐकणाऱ्या इंग्रजाला हा गृहस्थ आजच्या एका दिवसापुरताच आला आहे असे वाटण्याचा संभव असतो. त्याच्या कानाला 'आय ओन्ली केम टुडे' हवे असते, 'टुडे'वर ठसठशीत आघात देऊन. पाठ्यपुस्तके अव्ययाची जागा शिकवितात. तो आघात छापता येत नाही म्हणून वर्गात कोणी उच्चारूनही दाखवीत नाही.