तीन की आठ?

२००८ च्या पावसाळ्यात मित्राचे वडील गेले. तेराव्यानंतर आठवडाभरात तो तीन हत्यारं घेऊन पुण्याच्या कॅम्पातल्या एका बंदुकीच्या दुकानात आला. परवानाधारक वारला की घरच्यांनी हत्यार घरात ठेवायचं नसतं. ते पोलीस ठाण्यात तरी द्यायचं, नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यायची. बारा बोअरची दुनळी होती आणि एक पॉइंट बावीसची रायफल होती. तिसरं हत्यार पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. मला बंदुकांमधलं थोडंफार कळतं म्हणून त्याने मलाही सोबत बोलावलं होतं. तेव्हा मला जेवढं कळत होतं असं वाटत होतं, त्याच्या निम्मंही कळत नव्हतं, हे पुढच्या बारा-तेरा वर्षांत उमगलं.

दुकानदाराने फडकं सोडलं. सहा इंची नळी, चौकोनी मूठ, मुठीच्या बुडाला दोरी अडकवायची कडी. हातात घेतलं तेव्हा पहिल्यांदा वजन जाणवलं. रिकामं असताना किलोभराच्या वर भरतं. त्याने अंगठ्याने घोड्याशेजारची कळ दाबली आणि नळी मधोमध मोडल्यासारखी खाली झुकली. त्याबरोबर सिलिंडरच्या मधून चांदणीच्या आकाराची चकती वर आली आणि खट्‌कन आत बसली. सहा काडतुसं असती तर सहाही एका झटक्यात बाहेर पडली असती. "वेब्ली, मार्क सिक्स," दुकानदार म्हणाला. "पण साहेब, हे घासलंय कुणी?"

कधीतरी दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी काचकागदाने घासलं होतं. गंज गेला, पण मूळची काळसर निळी झाक आणि कोरलेल्या अक्षरांच्या कडाही त्याबरोबर गेल्या. जुन्या हत्याराची किंमत करताना कारखान्यातली मूळ झळाळी किती टक्के उरली, हे आधी बघतात. गंज लागलेलं चालतं, घासून चकचकीत केलेलं चालत नाही. घरच्यांना ते उलटं वाटतं. कुणाही घरच्यांना वाटेल.

मित्राच्या घरात या रिव्हॉल्व्हरची गोष्ट ठरलेली होती. आजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते. कूत अल अमाराच्या वेढ्यात त्यांनी एका गोऱ्या साहेबाचा जीव वाचवला आणि साहेबाने कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून दिलं. सातारा जिल्ह्यात अशा गोष्टी गावोगाव आहेत आणि त्यांना आधारही आहे. जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून त्या कूतमध्ये अडकल्या होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी सैन्याने शरणागती पत्करली. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली.

दुकानदाराने भिंग काढलं आणि डाव्या अंगावरचा झिजलेला मजकूर वाचला. वेब्ली, पेटंट्स, आणि खाली साल: १९१७.

कूत पडल्यानंतर वर्षभराने बनलेलं रिव्हॉल्व्हर कूतच्या वेढ्यात कुणी कुणाला देणार? मित्र काही बोलला नाही. मलाच वाईट वाटलं. आपण फार शहाणपणा केला असं झालं.

हे रिव्हॉल्व्हर मुळात आलं कुठून, ते सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही. १८८० च्या दशकात ब्रिटिश सैन्याकडे एनफील्डचं रिव्हॉल्व्हर होतं आणि त्यातली रिकामी काडतुसं नीट बाहेर पडत नसत. १८८७ मध्ये सरकारने बर्मिंगहॅमच्या वेब्लीचा मार्क वन स्वीकारला. १८९४ ला दुसरा, १८९७ ला तिसरा, १८९९ ला चौथा मार्क आला. चौथा बोअर युद्धात वापरला गेला. १९१३ ला पाचवा आला. २४ मे १९१५ रोजी सहावा मंजूर झाला आणि महायुद्ध संपेपर्यंत तोच चालला. सहाव्याची संख्या तीन लाखांच्या घरात जाते. बोअर पॉइंट चारशे पंचावन्न, शिशाची गोळी सतरा ग्रॅमची. वेग मात्र कमी, सेकंदाला दोनशे मीटरही नाही. वसाहतींतल्या लढायांत अंगावर धावून येणारा माणूस जागीच थांबवायला जड, संथ गोळी हवी, असा त्यामागचा हिशेब होता. कुणाच्या अंगावर हा हिशेब मांडला गेला, ते वेगळं सांगायला नको.

अधिकाऱ्यांना रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशाने घ्यावं लागे. सरकारी काडतूस बसलं की झालं, बनावट कुठलीही चाले. मुंबईत काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची इमारत आजही उभी आहे. १८९१ मध्ये त्यांनी मुंबईत दुकान मांडलं आणि बूट, तंबू, साबण यांच्याबरोबर हत्यारंही विकली. त्यांनी विकलेल्या हत्यारांवर दुकानाचं नाव कोरलेलं असे. तसं नाव सापडलं की वस्तू खाजगी खरेदीची, अधिकाऱ्याची, हे कळतं. आमच्या रिव्हॉल्व्हरवर ते नव्हतं. त्याऐवजी होते दोन बाण, टोकाला टोक भिडलेले. एकटा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारचा माल. त्याच्यासमोर उलटा दुसरा बाण ठोकला की माल सरकारने रीतसर विकून टाकला, आता तो खाजगी. म्हणजे हे लुटीचं नव्हतं, चोरीचं नव्हतं, आणि पलटणीतून हळूच उचललेलंही नव्हतं. मित्राच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरता उजेड आला.

मग मी दुसरी चूक केली. घरी येऊन परदेशातल्या लिलावांचे आकडे बघितले आणि त्याला फोनवर सांगितलं, "अरे, चांगली किंमत येईल."

किंमत कशाची येते हे त्या वेळी मला कळलेलं नव्हतं. १० जुलै १८७३ च्या सकाळी कवी पॉल व्हर्लेनने ब्रसेल्समध्ये एक साधं सात मिलिमीटरचं रिव्हॉल्व्हर विकत घेतलं आणि त्याच दिवशी आर्थर रँबोच्या मनगटात गोळी घातली. २०१६ मध्ये पॅरिसला ते ४,३४,५०० युरोला गेलं. ऑव्हेरच्या शेतात सापडलेलं, गंजून चाळण झालेलं एक रिव्हॉल्व्हर व्हॅन गॉगने स्वतःवर झाडलं असावं असं मानतात. त्याला २०१९ मध्ये १,६२,५०० युरो मिळाले, तेही "असावं" एवढ्याच भरवशावर. अमेरिकन दरोडेखोर बिली द किडला ज्या कोल्टने शेरीफ पॅट गॅरेटने मारलं, ते २०२१ मध्ये साठ लाख डॉलरच्या वर गेलं. या तिन्ही ठिकाणी लोखंडाला भाव नव्हता. लोखंडाबरोबर आलेल्या माणसाला आणि त्याच्या कागदाला होता.

नाव नसलेल्या मार्क सिक्सचं तसं नाही. अमेरिकेत ते जुन्या हत्यारांच्या बाजारात नित्य दिसतं. खरेदीदार आधी सिलिंडरचा मागचा काठ बघतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जी हजारो वेब्ली तिकडे गेली, त्यांचे काठ घासून त्यांत अमेरिकन पॉइंट पंचेचाळीस ऑटो काडतूस बसवलं गेलं. ते काडतूस या जुन्या पोलादाला झेपण्यापेक्षा जोरकस आहे, त्यामुळे घासलेलं वेब्ली स्वस्त आणि धोक्याचंही. आमचा काठ शाबूत होता. ब्रिटनमध्ये १९९७ च्या कायद्यानंतर खाजगी माणसांची बहुतेक पिस्तुलं गेली आणि वेब्ली विकलं जातं ते प्रामुख्याने निकामी करून, शोभेचं म्हणून.

आपल्याकडची तऱ्हाच निराळी. परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकात जवळजवळ बंद झाली. त्यामुळे साधं बत्तीस बोअरचं वेब्लीसुद्धा भारतात लाखांत जातं, कारण ते परवान्यावर बाळगता येतं. चारशे पंचावन्न मात्र अडतीस बोअर, नऊ मिलिमीटर आणि थ्री-नॉट-थ्री यांच्याबरोबर निषिद्ध बोअरमध्ये येतं. त्याचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही, दिल्लीहून गृह मंत्रालय देतं. घेणाराच नसेल तर भाव कसला? त्यात शंभर वर्षं उलटली की १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ते देशाबाहेर नेता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ खाली पुराणवस्तूला सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही गोळी न झाडू शकणाऱ्या हत्याराला. आमचं रिव्हॉल्व्हर छान झाडत होतं. "निकामी करून टाका, मग दिवाणखान्यात लावा," कुणीतरी सुचवलं. मित्राने त्याच्याकडे असं बघितलं की विषय तिथेच संपला.

मग वारसा परवान्याचा अर्ज. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत १९२४ चा परवाना सापडला, दुमडून चार तुकडे होऊ घातलेला. त्यावर रिव्हॉल्व्हरचा नंबर टाकाने लिहिलेला. वडिलांच्या परवान्यावर त्याचीच नक्कल. आणि दोन्हींतला शेवटून दुसरा आकडा रिव्हॉल्व्हरवरच्या आकड्याशी जुळेना. परवान्यावर तीन, लोखंडावर आठ. कुणा कारकुनाने १९२४ मध्ये आठचं डावं अंग सोडून दिलं होतं आणि चौऱ्याऐंशी वर्षं तेच पुढे चालत आलं.

एका कार्यालयात सांगितलं, हत्यारच वेगळं आहे, जप्त होईल. दुसऱ्या टेबलावर सांगितलं, परवाना खोटा आहे. आम्ही फोटो दिले, दुकानदाराचं पत्र दिलं. आठ की तीन, यावर सहा वर्षं गेली. तोवर रिव्हॉल्व्हर दुकानाच्या लोखंडी कपाटात, महिन्याचं भाडं भरून. निवडणुका आल्या की इतरांची हत्यारं ठाण्यात जमा व्हायची, तेव्हा मित्र म्हणायचा, "आपलं कायमचंच जमा आहे."

शेवटी सुटलं ते दुसऱ्या नंबरांमुळे. वेब्लीवर एकच नंबर नसतो. चौकटीवर असतो, नळीवर असतो, सिलिंडरवरही असतो. तिन्ही जुळले तर सगळे भाग मूळचे. काचकागद लावणाऱ्याने बाहेरून घासलं होतं, सिलिंडरवरच्या नंबराकडे त्याचा हात फारसा गेला नव्हता. तिथे आठ स्वच्छ होता, दोन्ही पोटांसकट. नळीवरही आठच. तिरपा उजेड टाकून काढलेला तो फोटो शपथपत्राला जोडला आणि कागद हलले.

त्याच सुमाराला इंदूरची बातमी आली. सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेच्या संग्रहात पंजाबातून १९६९ मध्ये आलेलं एक बत्तीस बोअरचं कोल्ट पिस्तूल इतर हत्यारांत पडून होतं, काळा रंग फासलेलं. रंग खरवडला तेव्हा नंबर निघाला १६८८९६. भगतसिंगांच्या खटल्याच्या कागदपत्रांत हाच नंबर होता. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला पोलीस अधिकारी साँडर्सवर झाडलेलं पिस्तूल ते हेच. सत्तेचाळीस वर्षं ते जवानांच्या नजरेसमोर होतं आणि कुणाला माहीत नव्हतं. ही बातमी मी मित्राला फोनवर वाचून दाखवली. तो म्हणाला, "म्हणजे आकडा वाचता आला पाहिजे, एवढंच."

२०१७ मध्ये परवाना झाला. २०१९ मध्ये कायदा बदलला. एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं, तिसरं वर्षभरात जमा. घरातून काय जायचं? मित्राच्या आईला वाटत होतं, रिव्हॉल्व्हर जाऊ दे, दुनळी ठेव, डुकरं उसात घुसतात. मित्राने दुनळी दिली. आई महिनाभर नीट बोलल्या नाहीत.

त्याच काळात उत्तर प्रदेशात हरदोईजवळ संडीलाला वेब्लीच्या नावाने बत्तीस बोअरची रिव्हॉल्व्हर्स बनू लागली. कानपूरचं सरकारी बत्तीस बोअरही वेब्लीच्याच वळणाचं आहे. वेब्लीच्या घराण्याचं आणि सरकारांचं नातं असंच, कधी गळ्यात गळा, कधी कोर्टात. १९३२ मध्ये सरकारने वेब्लीच्या आराखड्यासारखंच एनफील्ड काढलं. वेब्लीने २,२५० पौंड मागितले, हातात पडले १,२५०.

आजोबांचं काय झालं? ट्रंकेतल्या डिस्चार्ज बुकात पलटण लिहिली होती, ११४ वी मराठा. कूतमध्ये ही पलटण नव्हती. १९१८ च्या ऑक्टोबरात ती मेसोपोटेमियातच शरकतच्या लढाईत होती, युद्धाच्या अगदी शेवटच्या आठवड्यांत, आणि तिथे नावाजली गेली. १९२२ च्या फेररचनेत ती मराठा लाइट इन्फंट्रीची प्रशिक्षण पलटण झाली, बेळगावला. १९१७ चं रिव्हॉल्व्हर शरकतला असू शकतं. साहेबही असू शकतो. त्याने सरकारकडून ते विकत घेऊन आजोबांना दिलं असेल, किंवा आजोबांनी स्वतःच पुढे कुणाकडून घेतलं असेल. परवान्यावर एवढंच लिहिलंय की ते १९२४ मध्ये त्यांच्याकडे होतं.

गेल्या दसऱ्याला त्यांच्या घरी गेलो होतो. शस्त्रपूजनाला पाटावर रिव्हॉल्व्हर, नारळ आणि झेंडूची फुलं. शेजारचा एक मुलगा विचारत होता, हे कुठलं. मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात आई म्हणाल्या, "कूतच्या वेढ्यात मामंजींनी साहेबाचा जीव वाचवला होता, त्याने दिलं." मित्राने माझ्याकडे बघितलं आणि हळद-कुंकवाची वाटी पुढे केली.