श्रमनिद्रेचे पांच दिवस

शरद हा ऋतु आपल्या पूर्वजांनीं जणूं प्रवासासाठींच राखून ठेविला होता. वाल्मीकींच्या रामायणांत प्रभु रामचंद्रांनीं वर्षाकाल पर्वतावर कंठिला, आणि आकाश निरभ्र झाल्यावर सीतेच्या शोधास आरंभ झाला. कालिदासाचा रघु दिग्विजयास निघाला तो शरदांतच. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत कवीनें त्या प्रस्थानाआधीं या ऋतूचें वर्णन मोठ्या प्रेमानें केलें आहे. मराठ्यांच्या फौजाहि दसऱ्याचें सोनें लुटून मगच मोहिमेस बाहेर पडत. आज मोहिमा राहिल्या नाहींत. सीमोल्लंघन मात्र राहिलें आहे. पुरुषमंडळींनीं वेशीपर्यंत जावें, आपट्याचीं पानें घेऊन परत यावें, आणि उंबऱ्याच्या आंत निरांजन घेऊन उभ्या असलेल्या गृहिणीनें त्यांस ओंवाळावें, असा हा विधि आहे. सीमा ओलांडणारा एक व त्याची वाट पाहणारी दुसरी, ही वांटणी इतकी अंगवळणी पडली आहे कीं तिजकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं.

आपल्या प्रवासवाङ्मयाकडे पाहिलें तरी हेंच आढळेल. वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे गेले व १८५७ च्या धामधुमींत सांपडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं प्रसिद्ध झाला. घरचीं माणसें कोंकणांत त्यांची वाट पाहत होतीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस निघाल्या, तेव्हां गोपाळराव मागें राहिले. एकानें जावें व दुसऱ्यानें राहावें, हाच क्रम. उभयतांनीं मिळून, कोणतेंहि कामकाज नसतां, केवळ आपला मुलूख डोळे भरून पाहण्यासाठीं प्रवास केल्याचें वर्णन मराठींत विरळाच मिळावयाचें.

तुळजापुरास मात्र रीत निराळी आहे. तेथें सीमोल्लंघन करते ती प्रत्यक्ष देवी. श्रीतुळजाभवानीची मूर्ति चल आहे, म्हणजे सिंहासनावरून हलवितां येते. दसऱ्याच्या पहांटे तिला साड्यांत लपेटून पालखींत बसवितात व मंदिराभोंवतीं तिची प्रदक्षिणा होते. नगरजवळील बुऱ्हाणनगराहून पालखी यावयाची, नगराहून पलंग यावयाचा, हा मान परंपरेनें चालत आला आहे. प्रदक्षिणा संपली कीं देवी त्या पलंगावर निजते ती थेट कोजागरी पौर्णिमेपर्यंत. वर्षांतून तीनदां देवी अशी निद्रा घेते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत घोरनिद्रा, पौषांत शाकंभरी नवरात्रापूर्वीं मोहनिद्रा, आणि दसऱ्यानंतर ही श्रमनिद्रा. नऊ दिवस महिषासुराशीं झुंजून थकलेल्या आईस पांच दिवस विश्रांति मिळावी, हा तिच्या सेवेकऱ्यांनीं शतकानुशतकें पाळलेला नेम आहे.

आतां आपल्या घरांतील नवरात्र डोळ्यांपुढें आणावें. अखंड दीप, रोजची माळ, सवाष्ण, कुमारिका, फुलोरा, पुरणावरणाचा स्वयंपाक आणि येणारांजाणारांचा राबता. आमचें घर चौदा माणसांचें आहे, व या सर्वांचा मोठा भार गेलीं अडतीस वर्षें आमच्या सौ.च्या खांद्यावर आहे. त्यांतील अकरा वर्षें आमच्या मातुःश्री अंथरुणास खिळलेल्या होत्या. दसऱ्याचें सीमोल्लंघन आटोपून आम्ही परत येत असूं, तेव्हां सौ. निरांजन घेऊन उभ्या असत. एकादशीच्या पहांटे त्या पुन्हां चुलीपाशीं असत. देवीस श्रमनिद्रा आहे, गृहिणीस ती नाहीं.

हा विचार मनांत घोळत असतांच कॅनडांत स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. मॅनिटोबा, सस्कॅचेवान व अल्बर्टा या प्रांतांतून जो अफाट सपाट तृणप्रदेश पसरला आहे, ज्यास तिकडे 'प्रेअरी' म्हणतात, त्यांतून तो व त्याची पत्नी शरदांत मोटारसायकलवरून हिंडून आलीं होतीं. गहूं कापून झालेलीं शेतें, दक्षिणेकडे उडत जाणाऱ्या हंसांच्या रांगा, आणि कोठेंहि आडोसा नसल्यामुळें अंगावर सरळ येणारा वारा, असें त्यानें लिहिलें होतें. पत्र वाचून झाल्यावर सौ. म्हणाल्या, "सपाट मुलूख आपल्याकडेहि आहे, आणि मोटारसायकलहि आहे कीं." मातुःश्रींच्या दुखण्यांत त्यांनीं तुळजाभवानीस बोललेली खणानारळाची ओटी अद्याप भरावयाची राहिली होती. एवढें निमित्त पुरेसें झालें.

घरांत मोठी सभा भरली. चिरंजीवांचें म्हणणें, मोटार घेऊन जावें व सोबत कोणास तरी न्यावें. वडील भगिनींचें म्हणणें, साठी उलटल्यावर हें शोभतें का? सौ. कांहींच बोलल्या नाहींत. धाकट्या सूनबाईंनीं मात्र आपला एक सलवार-कमीज इस्त्री करून त्यांच्या हातीं दिला, आणि सभा आपोआप विसर्जित झाली.

वाहन आमच्या शाळेच्या दिवसांतील. साडेतीनशे सीसीचें दणकट यंत्र. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें मागें बसणारासहि शिरस्त्राण आवश्यक केलें आहे, म्हणून दोन चांगलीं हेल्मेटें घेतलीं. मागच्या चाकावरील साडीगार्ड, हातांची मूठ व पाय ठेवावयाची कांब तपासून घेतली. धांवत्या गाडीवर बोलणें ऐकूं येत नाहीं, याकरितां सौ.नीं संकेत ठरविले : खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांबा. पुढें कळून आलें कीं गाडी हांकणाराच्या हातीं केवळ वेग असतो, थांबण्याचा अधिकार मागें बसणाराचा. चार दिवसांत आम्ही जें जें नीट पाहिलें, तें बहुतेक त्या दोन थापांमुळें पाहिलें.

२०२४ च्या आश्विनांत, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे, आम्हीं पुणें सोडलें. पुण्याहून सोलापूर सुमारें अडीचशे किलोमीटर. यवत मागें पडलें कीं सह्याद्रीची हिरवळ सरते आणि पर्जन्यच्छायेचा प्रदेश सुरू होतो. पश्चिमेचे ढग घाटमाथ्यावर रिते होऊन येतात. इकडे येईपर्यंत त्यांत फारसें कांहीं उरत नाहीं. मोटारींत बसून गेलें असतां हा मुलूख कंटाळवाणा वाटतो. उघड्या वाहनावर मात्र त्याचा वास येतो. ओल्या काळ्या मातीचा वास निराळा, उसाच्या पाटाचा निराळा, आणि कापलेल्या बाजरीचा निराळा. भिगवणजवळ सौ.नीं दोन थापा मारिल्या. समोर उजनीचा जलाशय पसरला होता. भीमेवरील हें धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि कित्येक गांवें त्याच्या पोटांत गेलीं. आतां हिंवाळ्यांत तेथें रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. तेव्हां रोहित आले नव्हते, पण बगळे पुष्कळ होते. बराच वेळ पाण्याकडे पाहून सौ. म्हणाल्या, "अहो, आज सकाळपासून भाजी कोणती करायची हें मला कोणी विचारलेंच नाहीं." त्या हंसल्या, आम्ही मात्र त्या वाक्यावर टेंभुर्णीपर्यंत विचार करीत होतों.

इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ अशीं गांवें मागें टाकीत आम्ही सायंकाळीं सोलापुरास पोंचलों. चित्रा नक्षत्राचें ऊन कडक असतें, तरी संध्याकाळचा वारा सुखद होता. रबीच्या ज्वारीची पेरणी सुरू झाली होती. प्रेअरींत शरद म्हणजे शेवट. तेथील शेत त्यानंतर बर्फाखालीं जातें. आपल्या या पठारावर शरदांत एक पीक निघतें आणि दुसरें त्याच मातींत पडतें. ज्वारीस पुढें पाऊस मिळत नाहीं; काळ्या मातीनें पोटांत सांठविलेली ओल व थंडींतलें दंव एवढ्यावर ती वाढते. वरून भेगाळलेली दिसणारी ही भूमि आंत किती ओल राखून असते, हें शेतकऱ्यास ठाऊक असतें.

दुसऱ्या दिवशीं तुळजापूरची वाट धरली. अंतर पंचेचाळीस किलोमीटरांचें. तामलवाडीपाशीं सोलापूर जिल्हा संपतो व धाराशिव जिल्हा, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद, सुरू होतो. आज तेथें केवळ एक पाटी आहे. परंतु सप्टेंबर १९४८ पर्यंत सोलापूरकडचा प्रदेश सोडून या बाजूस येणें म्हणजे निजामाच्या राज्यांत शिरणें होतें. देवीच्या दर्शनास निघालेल्या आमच्या वाडवडिलांचें सीमोल्लंघन खरोखरीचें असे.

त्याच सुमारास मागचें चाक पंक्चर झालें. दुरुस्ती चालू असतां सौ. शेजारच्या शेतांत सोयाबीन काढणाऱ्या बायांत जाऊन बसल्या. एकीनें विचारलें, "आई, दोघंच निघालाव व्हय?" सौ. म्हणाल्या, "दोघंच." त्यावर दुसरी म्हणाली, "आमचं मालक बाजारला नेतो म्हनलं तरी गाडीवर आमच्या संगं तीन लेकरं बसत्यात." सगळ्या मोकळेपणानें हंसल्या. गाडी दुरुस्त झाली तरी सौ. लगेच उठल्या नाहींत, आणि आम्हींहि घाई केली नाहीं.

बालाघाटाच्या चढणीवर तुळजापूर वसलें आहे. मंदिर खोलगट जागीं असल्यामुळें पायऱ्या उतरून जावें लागतें. कल्लोळ व गोमुख तीर्थांचें जल मस्तकीं लावून आम्ही आंत गेलों. सिंहासन रिकामें होतें. देवी पलंगावर निद्रिस्त होती. भरजरी वस्त्रालंकारांत उभी असलेली भवानी आम्हीं अनेकदां पाहिली आहे. पण निजलेली आई पाहून सौ.चे डोळे भरून आले. हलक्या हातानें ओटी भरून त्या बाजूस झाल्या, जणूं पावलांच्या आवाजानें तिची झोंप मोडावयाची.

आवारांत चिंतामणि नांवाचा एक वाटोळा दगड आहे. मनांत प्रश्न धरून त्यावर दोन्ही हात टेंकावे. उजवीकडे वळला तर कार्यसिद्धि, डावीकडे वळला तर नाहीं, अशी श्रद्धा आहे. छत्रपति शिवाजी महाराज मोहिमेपूर्वीं येथें कौल घेत, असें सांगतात. सौ.नीं बराच वेळ हात टेंकले. बाहेर आल्यावर आम्हीं विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "कांहींच विचारलें नाहीं. विचारायला गेलें कीं घरचेंच आठवतें. मुलाची नोकरी, नातीचें लग्न. स्वतःचें असें काय विचारायचें, तें सुचेना." अडतीस वर्षें जी व्यक्ति प्रत्येकाच्या वतीनें देवापुढें उभी राहते, तिच्यापाशीं स्वतःसाठीं एकहि प्रश्न शिल्लक नसावा, याचें आम्हांस फार वाईट वाटलें. एकत्र कुटुंबाचे गुण आम्ही जाणतों. त्याच छायेखालीं आमचीं मुलें वाढलीं व मातुःश्रींची अखेर सुखाची झाली. पण त्या वृक्षाचें मूळ कोणाच्या घामावर पोसतें, हेंहि जाणलें पाहिजे.

सायंकाळीं घाटशिळेवर गेलों. सीतेच्या शोधांत फिरणाऱ्या रामचंद्रांस देवीनें याच शिळेवरून लंकेची दिशा दाखविली, अशी आख्यायिका आहे. हरवलेल्या पत्नीची वाट दाखविणारें हें स्थान. पत्नी घरांतल्या घरांतहि दिसेनाशी होऊं शकते, कामांत, माणसांत आणि सणवारांत. त्या शिळेवर अंधार पडेपर्यंत आम्ही दोघें बसलों होतों. सौ.नीं आपल्या माहेरच्या विहिरीची एक हकीकत सांगितली, ती आम्हीं इतक्या वर्षांत प्रथमच ऐकिली.

तिसरे दिवशीं नळदुर्ग पाहिला. तुळजापुराहून सुमारें पस्तीस किलोमीटरांवर बोरी नदीस किल्ल्यांतच बांध घातला असून त्या बांधाच्या पोटांत पाणीमहाल आहे. हें काम दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळचें. पावसाळ्यांत सांडव्यावरून 'नर' व 'मादी' असे दोन धबधबे कोसळतात. लोकांनीं पाण्यालाहि जोडप्यानेंच वाहावयास लाविलें आहे! १८५३ नंतर मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्यानें याच भागाचा कारभार पाहिला, आणि १८६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'तारा' या आपल्या कादंबरीचें कथानक तुळजापुरांतील एका ब्राह्मण कन्येभोंवतीं गुंफिलें.

नळदुर्गाहून परस्पर सोलापुरास आलों, तों शहर पायीं चालणाऱ्या यात्रेकरूंनीं भरून गेलें होतें. कोजागरीस देवी पुन्हां सिंहासनावर बसते, त्या दर्शनासाठीं सोलापुराहून व कर्नाटकांतून असंख्य स्त्रीपुरुष रात्रंदिवस चालत निघतात, आणि तुळजापूरचा रस्ता वाहनांस बंद करून त्यांस मोकळा करून देतात. डोक्यावर गांठोडें, गळ्यांत कवड्यांची माळ आणि मुखीं देवीचा उदोकार. त्या लोंढ्यांत जोडपींहि पुष्कळ होतीं.

ज्यांस असा प्रवास करावयाचा असेल त्यांनीं कोजागरीचे दोन दिवस टाळून निघावें. सूर्यास्तापूर्वीं मुक्काम गांठावा. ताशीं साठ किलोमीटरांहून अधिक वेग ठेवूं नये. दर तासानें उतरून पाय मोकळे करावे. औषधें व पाणी जवळ ठेवावें. आणि घरीं दिवसांतून एकदांच, सायंकाळीं, दूरध्वनि करावा. घरच्यांनींहि मधें विचारूं नये. आम्ही नव्हतों त्या चार दिवसांत आमच्या घरीं कोणीहि उपाशी राहिलें नाहीं.

पौर्णिमेच्या रात्रीं आम्ही परत पोंचलों, तेव्हां गच्चीवर दूध आटत होतें, आणि या खेपेस तें सुनांनीं व चिरंजीवांनीं मिळून आटविलें होतें. तेथेंच सौ.नीं पुढील आश्विनाचा बेत सांगितला : थोरल्या मुलानें व थोरल्या सूनबाईंनीं हे पांच दिवस घराबाहेर काढावयाचे, कोठें जावयाचें तें सूनबाईंनीं ठरवावयाचें, आणि त्या पांच दिवसांचें स्वयंपाकघर आम्ही उभयतांनीं सांभाळावयाचें. भाजी चिरण्याचें काम आमच्याकडे आलें आहे.