दूरध्वनी व ई-मेल शिष्टाचार

कार्यालयीन व व्यावसायिक व्यवहारात दूरध्वनी आणि ई-मेल यांचा वापर करताना पाळावयाचे सभ्य वर्तनाचे संकेत. प्रत्यक्ष भेटीत मुद्रा, हावभाव व आवाज यांमुळे शब्दांचा अर्थ स्पष्ट होतो. दूरध्वनीवर केवळ आवाज उरतो. ई-मेलमध्ये तोही नसतो. ही उणीव शब्दांनी भरून काढणे, हे या संकेतांचे मुख्य प्रयोजन होय.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८७६ मध्ये दूरध्वनीचे एकस्व मिळाले. संभाषणाच्या प्रारंभी बेल ‘अहॉय’ हा नाविकांचा शब्द पसंत करीत. टॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये सुचविलेला ‘हॅलो’ मात्र रूढ झाला. दूरध्वनीमुळे समोरच्या व्यक्तीचे काम थांबते. म्हणून दूरध्वनी करणाऱ्याने प्रथम आपले नाव व संस्था सांगावी, सवड आहे का हे विचारावे आणि मग विषय काढावा. निरोप घेणाऱ्याने नाव, क्रमांक व मजकूर लिहून घेऊन तो परत वाचून दाखवावा. संभाषण इतर कोणी ऐकत असल्यास तसे आधीच सांगणे आवश्यक असते.

संगणक-जाळ्यावरील ई-मेलचा प्रारंभ रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केला. ई-मेलमुळे काम थांबत नाही. परंतु लिहिलेले कायम राहते. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना वैधानिक मान्यता आहे. त्यामुळे रागाच्या भरात लिहिलेला मजकूर लगेच पाठवू नये. नेमका विषय, योग्य मायना, मोजका मजकूर व शेवटी नाव-हुद्दा ही पारंपरिक पत्रलेखनातील शिस्त येथेही उपयुक्त ठरते.

‘अहवाल अद्याप मिळाला नाही’ हे वाक्य हसून बोलल्यास आठवण ठरते, लिहिल्यास ताकीद वाटते आणि त्याची प्रत वरिष्ठांना गेल्यास तक्रार होते. ‘काही अडचण असल्यास कळवावे’ एवढी जोड दिल्यास त्यातील कठोरपणा कमी होतो. प्रतीसाठी वापरला जाणारा ‘सीसी’ हा संक्षेप टंकलेखनातील कार्बन-प्रतीवरून आला आहे. कार्बन कागदावर दोन-चारच प्रती निघत. ई-मेल एका कळीसरशी शेकडो जणांकडे जाते. म्हणून सर्वांना उत्तर पाठविण्यापूर्वी किंवा एकाचा खाजगी मजकूर दुसऱ्याकडे धाडण्यापूर्वी त्याची आवश्यकता तपासणे इष्ट असते.

चूक दाखविणे, नकार देणे यांसारखे नाजूक विषय शक्यतो बोलून हाताळावेत आणि ठरलेली गोष्ट नंतर ई-मेलने कळवावी. त्यामुळे व्यक्तीचा मान राखला जातो व व्यवहाराची नोंदही राहते.