अंड्याच्या चिनी सूपविषयी काही खुलासे

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांच्या गावी, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला, दिवेलागणीच्या सुमारास ज्या चायनीजच्या गाड्या लागतात, त्यांच्यावर तांबड्या अक्षरांत रंगविलेल्या जिनसांच्या यादीत सूपचे स्थान बहुधा अग्रभागी असते. आणि आषाढातल्या एखाद्या भिजल्या संध्याकाळी, एसटीची वाट पाहून कंटाळलेला प्रवासी जे वाफाळते, काळसर, झणझणीत आणि वर तळलेल्या नूडल्सचा चुरा पसरलेले द्रव्य ओठांना लावतो, तेच चीन देशीचे सूप होय, अशी त्याची प्रामाणिक समजूत होऊन बसते. या समजुतीने स्वयंपाकघरात इतका अंमल बसविला आहे की, घरी अंड्याचे चिनी सूप करावे असा नुसता विषय निघाला तरी प्रथम सोया सॉस, चिली सॉस, व्हिनेगर आणि अजिनोमोटो यांची यादी तयार होते, आणि यांपैकी निम्म्या बाटल्या घरात नाहीत असे आढळताच बेत बेमुदत तहकूब होतो.

वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. गाडीवरचे ते मंचाव सूप चीनमधून आलेले नसून, भारतात वसलेल्या चिनी कुटुंबांच्या आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या भारतीय आचाऱ्यांच्या हातून, इथल्या जिभेचा कल ओळखून घडलेले आहे. कलकत्त्याच्या टांग्रा भागातील हक्का चिनी लोकांनी या पाकपरंपरेचा विस्तार केला. आणि कलकत्त्यातच जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मुदपाकखान्यात चिकन मांचुरियन सिद्ध केले, ही हकीकत आता सर्वश्रुत आहे. या पदार्थांना कमी लेखण्याचे काहीच प्रयोजन नाही. आले, लसूण आणि हिरवी मिरची यांचा तो संसार आपल्याच मुलखाचा आहे आणि पावसात तो गोडही लागतो. परंतु चिनी घरांत नित्य होणारे अंड्याचे सूप, ज्याला तिकडे ‘दान हुआ तांग’ म्हणतात, ते याच्या अगदी दुसऱ्या टोकाला उभे असते: पाणी किंवा अळणी रस्सा, मीठ, किंचित पांढरी मिरी, फेटलेली अंडी, वर पातीच्या कांद्याची हिरवी पात आणि उतरवताना भाजलेल्या तिळाच्या तेलाचे दोन-चार थेंब. एवढ्यावर त्याचा जमाखर्च आटोपतो. सोया सॉस त्यात घातलाच तर नावापुरता, कारण त्या सूपचे सारे सौंदर्य त्याच्या पारदर्शक सोनेरी रंगात आहे आणि चमचाभर जास्त सॉसने तो रंग गढूळ होतो.

दुसरा गैरसमज पहिल्याच्याच पोटी जन्मलेला आहे. तो असा की, या सूपची सामग्री महाडच्या बाजारात मिळायची नाही, त्यासाठी मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांची पायरी चढली पाहिजे. चीनमध्ये अंड्याच्या सूपचा एक अतिशय लोकप्रिय प्रकार असा आहे की, त्यात वाळविलेले समुद्रशेवाळ आणि चिमूट-दोन चिमटी बारीक सुकट टाकतात. आणि ही सुकट म्हणजे आपल्या जवळ्याची सख्खी बहीण होय. प्राणिशास्त्राच्या दफ्तरात तिकडच्या जवळ्याची नोंद ‘असेटिस चायनेन्सिस’ आणि आपल्या किनाऱ्यावरच्या जवळ्याची ‘असेटिस इंडिकस’ अशी, म्हणजे एकाच प्रजातीतील दोन जाती म्हणून झालेली आहे. महाड आज समुद्रापासून दूर पडल्यासारखे वाटते, पण सावित्रीच्या खाडीवाटे बाणकोटाकडून येणारे मचवे एकेकाळी भरतीबरोबर येथवर पोहोचत, आणि मीठ, नारळ व सुकी मासळी येथून घाटावर चढत असे. तेव्हा ज्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या जवळ्याची चटणी आणि सोड्यांची खिचडी खाल्ली, त्याने चिनी सूपच्या मूळ चवीसाठी परक्या बाटल्यांकडे याचना करावी, हा प्रकार मला थोडा विनोदीच वाटतो. मूठभर जवळा किंवा सात-आठ सोडे निवडून, कोरड्या तव्यावर मंद भाजून, पाऊण लिटर पाण्यात दहा मिनिटे उकळावे आणि ते पाणी गाळून घ्यावे. सूपचा पाया तयार झाला. सुकटीत मीठ असतेच, म्हणून वरून घालताना हात आखडता घ्यावा. ज्यांना कोळंबीची बाधा होते किंवा वास सोसत नाही, त्यांनी कोंबडीच्या हाडांचे अळणी पाणी घ्यावे, अथवा दोन पिकलेले टोमॅटो चिरून, थोड्या तेलावर परतून, त्यांतच पाणी ओतावे. टोमॅटो आणि अंडे यांचे सूप चिनी घरांत तितकेच रूढ आहे. भाजलेल्या तिळाचे तेल न मिळाल्यास घाण्याचे तेल त्याऐवजी ओतू नये, कारण कच्च्या तिळाच्या तेलास तो खमंग वास नसतो. त्यापेक्षा चमचाभर तीळ भाजून, कुटून वर भुरभुरावेत.

आता मुख्य क्रियेकडे वळू, कारण सर्वांत जास्त सूप येथेच बिघडते. पाणी खळाखळा उकळत असावे, अंडे त्यात एकदम ओतावे आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून जोराने ढवळत राहावे, ही रीत सर्वत्र प्रचलित आहे, आणि तिच्यामुळे हाती येतो तो भुशासारखा चुरा. अंड्याचा पांढरा बलक सुमारे 62 अंश सेल्सिअसपासून आळू लागतो आणि पिवळा 65 ते 70 अंशांच्या दरम्यान घट्ट होतो. म्हणजे अंडे शिजण्यासाठी उकळीच्या खळबळाटाची मुळीच आवश्यकता नाही, आवश्यकता आहे ती पुरेशा उष्णतेची आणि स्तब्धतेची. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरी गेले की, सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर पाणी 95-96 अंशांनाच उकळते. भात-डाळ शिजायला तेथे वेळ लागतो, परंतु या सूपचे तेथे काहीही अडत नाही. उलटपक्षी पाणी पुरेसे तापलेले नसेल, तर अंडे धाग्यांत आळण्याऐवजी पाण्यात विरघळल्यासारखे पसरते आणि सूप दुधट होते. म्हणून रीत अशी: सूपला एक चांगली उकळी येऊ द्यावी, मग आच अगदी मंद करावी, इतकी की पृष्ठभाग नुसता थरथरावा. दोन अंडी काट्याने फेटावीत, पण फेस काढू नये. फेसाचे बुडबुडे सूपवर तरंगत राहतात. पळीने सूपला एकाच दिशेने संथ गती द्यावी आणि त्या फिरत्या पाण्यात अंड्याची बारीक धार, काट्याच्या दातांवरून किंवा बुंदीच्या झाऱ्यातून, उंचावरून सोडावी. त्यानंतर दहा-पंधरा सेकंद काहीही करू नये. हे काहीही न करणे आपल्या स्वयंपाकघरात सर्वांत अवघड जाते, कारण चुलीवर भांडे असता हात बांधून उभे राहण्याचे शिक्षण आपल्याला कोणी दिलेलेच नाही. धागे आळले म्हणजे एकदाच हळुवार ढवळून भांडे उतरवावे.

अंड्याचे धागे लांब आणि रेशमी व्हावेत यासाठी सूपला आधी किंचित दाटपणा द्यावा लागतो, आणि येथे कॉर्नफ्लोअरचा प्रवेश होतो. त्याविषयी दोन परस्परविरुद्ध अपसमज आहेत: एक, ते मक्याचे पीठ असल्याने पौष्टिक, दुसरा, जितके अधिक तितके सूप हॉटेलसारखे. कॉर्नफ्लोअर हे भाकरीचे मक्याचे पीठ नव्हे. ते मक्यातून वेगळे काढलेले शुद्ध पिष्ट असून त्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. त्याचे काम पोषणाचे नसून पाण्याची गती मंद करण्याचे आहे, जेणेकरून अंड्याचा धागा तुटण्यापूर्वी आळावा. पाऊण लिटरला दीड मोठा चमचा पुष्कळ झाले. ते थंड पाण्यातच कालवावे, कारण गरम पाण्यात टाकताच बाहेरचे कण फुगून चिकटतात आणि आत कोरड्या गाठी राहतात. अंड्याच्या आधी ते घालून मिनिटभर उकळू द्यावे, नाहीतर कच्च्या पिठाची चव मागे राहते. व्हिनेगर वा लिंबू आवडत असल्यास वाढताना पिळावे, कारण आम्लाबरोबर दीर्घकाळ उकळल्यास पिष्ट फुटून सूप पुन्हा पातळ होते. कॉर्नफ्लोअर नसेल तर आरारूट चालते. इतकेच कशाला, भाताची पेज घेतली तरी काम भागते. सूप थोडे धुरकट दिसेल, पण भाताच्या मुलखात पेजेला कोण नावे ठेवील?

अजिनोमोटोविषयी जेवढ्या फिर्यादी आहेत तेवढ्या क्वचितच दुसऱ्या एखाद्या जिनसेविषयी असतील. ते विष आहे, त्याने मेंदू बिघडतो, ते प्राण्यांच्या हाडांपासून करतात, असे नाना आरोप ऐकू येतात. तेव्हा त्याची रीतसर चौकशी होणे न्यायाचे ठरेल. तोक्यो येथील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्रशेवाळाच्या कढणातून ग्लुटामेट हे द्रव्य वेगळे काढले आणि पुढच्याच वर्षी त्याचा सोडियम क्षार अजिनोमोटो या नावाने विक्रीस आला. हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत, जुन्या चीजमध्ये आणि आपल्या सुक्या मासळीतही निसर्गतः असते. आज ते उसाची मळी किंवा टॅपिओकासारखे पिष्टमय पदार्थ आंबवून तयार करतात. बदनामीचा आरंभ 1968 मध्ये झाला, जेव्हा अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात रॉबर्ट हो मान क्वोक नावाच्या डॉक्टरांचे एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले. चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मानेत बधिरपणा येतो, असा अनुभव त्यात नमूद करून त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकातील मद्य, अतिरिक्त मीठ आणि ग्लुटामेट अशा अनेकांवर संशय व्यक्त केला होता. जनमताने मात्र बाकीच्या आरोपींना निर्दोष सोडून एकालाच शिक्षा ठोठावली. पुढे खाणाऱ्यास न सांगता केलेल्या परीक्षणांत नेहमीच्या प्रमाणाने सातत्याने त्रास होतो असे आढळले नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 1987 मध्ये त्यास दैनिक मर्यादा घालण्याची गरज नाही असा निर्णय दिला. उपाशीपोटी तीन ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतल्यास काही थोड्या लोकांना तात्पुरते डोके दुखणे वगैरे होऊ शकते, हे खरे. पण घरच्या भांड्यात एवढे कोणी घालीत नाही. बारा महिन्यांखालील अर्भकांना ते देऊ नये, ही वेष्टनावरील सूचना पाळावी. त्यात सोडियम मिठाच्या सुमारे एक-तृतीयांश असते, तेव्हा त्याच्या भीतीने जो मनुष्य मिठाचा दुसरा चमचा ओततो, त्याने सौदा तोट्याचाच केला. माझे स्वतःचे मत विचाराल तर या सूपमध्ये ते निषिद्ध नसून अनावश्यक आहे, आणि जवळा असताना तर दुप्पट अनावश्यक.

अंड्यांच्या निवडीबाबत गावठीचा आग्रह आपल्याकडे फार. कवचाचा रंग कोंबडीच्या वाणावर आणि बलकाचा रंग तिच्या खाद्यावर अवलंबून असतो. पिवळा मका आणि हिरवा पाला खाणाऱ्या कोंबडीचा बलक केशरी होतो, त्यावरून प्रथिने वाढली असे सिद्ध होत नाही. गावठी अंड्याने सूपचा रंग खुलतो हे मात्र मान्य केले पाहिजे. ती आकाराने लहान असल्याने दोनच्या जागी तीन घ्यावीत. कच्चे अंडे अधिक ताकद देते, हा तालमीतला सिद्धांतही टिकत नाही: बेल्जियममधील ल्यूव्हेनच्या संशोधकांनी 1998 मध्ये एका छोट्या प्रयोगात मोजले तेव्हा शिजवलेल्या अंड्यातील सुमारे 90 टक्के प्रथिने पचली, कच्च्यातील 50 टक्क्यांच्या आसपासच. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आढळला तेव्हा त्याच्या धास्तीने अनेक घरांतून अंडी हद्दपार झाली. परंतु 70 अंशांपर्यंत सर्वांगी शिजवलेल्या अंड्यात तो विषाणू जिवंत राहत नाही. या सूपमधील धागे पातळ असल्याने ते तापमान त्यांना सहज मिळते, फक्त बलक ओला ठेवण्याची हौस येथे करू नये.

राहता राहिली आजाऱ्याची गोष्ट. तापातून उठलेल्या माणसास हे सूप दिले म्हणजे अंगात शक्ती भरते, असे मानून दिवसभर दुसरे काहीच न देणारी माणसे आहेत. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. दोन अंड्यांचे सूप चार वाट्यांत वाटले की एकेका वाटीच्या वाट्याला तीनच ग्रॅम येतात. घशाला ऊब, पोटाला पाणी आणि मीठ, तोंडाला चव, इतका त्याचा अधिकार आहे, आणि तो लहान नाही. पण सोबत मऊ भात किंवा मुगाची खिचडी ठेवावीच, आणि भांड्यात तिसरे अंडे फोडण्यास हरकत नसावी. सूप लागेल तेवढेच करावे. उरलेले पुन्हा उकळले की अंड्याचे धागे चिवट होतात आणि दाटपणा उतरतो. अगदी उरलेच तर थंड झाल्यावर शीतकपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी मंद आचेवर चांगले वाफाळेपर्यंत गरम करावे आणि पात नव्याने चिरून घालावी.