हत्तींमधील विषाणूजन्य रोग : निगराणीची गरज आणि जयपूरचा धडा

राजस्थानात रानटी हत्ती नाहीत. देशातील ३३ हत्ती राखीव क्षेत्रांपैकी एकही या राज्यात नाही. असे असूनही पाळीव हत्तींची एक मोठी वस्ती जयपूरलगत आहे. आमेर किल्ल्यावर पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या हत्तींसाठी राज्य शासनाने कुंडा गावाजवळ ‘हाथीगाव’ वसविले. वास्तुविशारद राहुल मेहरोत्रा यांच्या आराखड्यानुसार सुमारे शंभर हत्ती व त्यांच्या माहुतांच्या कुटुंबांसाठी २०१० च्या सुमारास ही वसाहत आकारास आली. वाळूच्या उत्खननाने उजाड झालेल्या जमिनीवर पाणी साठविणे आणि झाडे लावणे, हा त्या आराखड्याचा गाभा होता. येथील हत्तींमध्ये प्रौढ माद्यांचे प्रमाण मोठे आहे. आसाम, बिहार अशा दूरच्या राज्यांतून त्या वेगवेगळ्या काळी येथे आणल्या गेल्या.

निरनिराळ्या प्रदेशांतून आलेले प्राणी जेथे एकत्र नांदतात, तेथे त्यांच्यासोबत आलेले रोगजंतूही एकत्र येतात. त्यामुळे पाळीव हत्तींच्या आरोग्याची निगराणी हा केवळ पशुवैद्यकाचा विषय राहत नाही. वन्यजीव संरक्षण, पर्यटन आणि सार्वजनिक आरोग्य या तिन्ही क्षेत्रांशी तो जोडलेला आहे.

हत्तींचा नागीणवर्गीय विषाणू

आशियाई हत्तींच्या पिल्लांना सर्वाधिक घातक ठरलेला विषाणू म्हणजे ‘एलिफंट एंडोथेलिओट्रॉपिक हर्पिस व्हायरस’, संक्षेपाने ‘ईईएचव्ही’. माणसातील नागीण व कांजिण्या ज्या विषाणूकुलामुळे होतात, त्याच कुलातील हा विषाणू आहे. १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील सोळा महिन्यांचे एक पिल्लू अचानक दगावले. त्या मृत्यूच्या शोधातून हा विषाणू ओळखला गेला आणि १९९९ मध्ये त्यासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध झाले. आशियाई हत्तींमध्ये त्याचे १-ए, १-बी, ४ व ५ हे प्रकार आढळतात. आफ्रिकी हत्तींमध्ये आढळणारे प्रकार निराळे आहेत.

रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशींवर हा विषाणू हल्ला करतो. पेशी नष्ट झाल्या की केशवाहिन्यांतून रक्त झिरपू लागते, हृदय व इतर अवयवांत रक्तस्राव होतो आणि रक्ताभिसरण कोलमडते. पिल्लू सुस्त होते, खाणे सोडते, डोके व सोंडेवर सूज येते, जीभ जांभळी पडते. लक्षणे दिसू लागल्यानंतर एक-दोन दिवसांतही मृत्यू ओढवू शकतो. साधारणतः एक ते आठ वर्षे वयाच्या पिल्लांना धोका अधिक असतो.

मृत्यू पिल्लाचा, विषाणू प्रौढांकडे

या रोगाचे वैशिष्ट्य असे की, त्याचा उगम बाहेर शोधण्याचे कारण नसते. नागीणवर्गीय विषाणू एकदा शरीरात शिरला की आयुष्यभर सुप्तावस्थेत राहतो. बहुसंख्य प्रौढ हत्तींच्या शरीरात तो असतोच आणि त्यांना त्याचा त्रास होत नाही. अधूनमधून तो जागृत होतो व सोंडेतील स्रावावाटे बाहेर पडतो. माता, मावशा आणि कळपातील इतर हत्ती पिल्लाला सोंडेने सतत स्पर्श करीत असतात. त्या स्पर्शातूनच पिल्लाला संसर्ग होतो.

जन्मानंतर काही काळ मातेकडून मिळालेली प्रतिपिंडे पिल्लाचे रक्षण करतात. या काळात संसर्ग झाला तर पिल्लू त्यातून सावरते आणि स्वतःची प्रतिकारशक्ती कमावते. मातेची प्रतिपिंडे ओसरल्यानंतर पहिला संसर्ग झाला, तर मात्र विषाणू रक्तात अनिर्बंध वाढतो. ज्या पिल्लांचा या रोगाने मृत्यू झाला, त्यांच्या रक्तात संबंधित विषाणूप्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे नव्हती किंवा अत्यल्प होती, असे अलीकडच्या संशोधनात दिसून आले आहे.

म्हणून बाधित प्राणी शोधून त्याला वेगळे ठेवणे, ही संसर्गजन्य रोगांबाबतची नेहमीची पद्धत येथे पुरेशी ठरत नाही. प्रत्येक प्रौढ हत्तीला वेगळे ठेवणे अशक्य आहे आणि पिल्लाला कळपापासून तोडणे घातक आहे. कोणते पिल्लू केव्हा असुरक्षित आहे हे आधीच ओळखणे, हाच येथे निगराणीचा अर्थ होय.

भारतातील अनुभव

हा विषाणू आफ्रिकी हत्तींकडून प्राणिसंग्रहालयांमध्ये आशियाई हत्तींकडे आला असावा, असा आरंभी तर्क होता. भारतातील संशोधनाने त्याला छेद दिला. केरळ वन विभागाचे पशुवैद्यक डॉ. अरुण झकारिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दक्षिण भारतातील रानटी व अनाथ पिल्लांच्या या रोगाने झालेल्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. आफ्रिकी हत्तींशी कधीही संबंध न आलेल्या या पिल्लांमध्ये विषाणूचे जे विविध वाण आढळले, ते पाश्चात्त्य प्राणिसंग्रहालयांतील वाणांशी जुळणारे होते. हा विषाणू आशियाई हत्तींच्याच सोबतीने दीर्घकाळ वावरत आला आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

२०१९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात सुमारे महिनाभरात चार पिल्ले या रोगाने मृत्युमुखी पडली. हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे २२ महिन्यांचा असतो आणि दोन पिल्लांमध्ये साधारणतः चार-पाच वर्षांचे अंतर असते. हे लक्षात घेता एका महिन्यातील अशी हानी भरून येण्यास किती काळ लागेल, याची कल्पना येते. डीएनएवर आधारित गणनेनुसार देशातील रानटी हत्तींची संख्या सुमारे २२,४४६ असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. अधिवासाचा ऱ्हास, विजेचा धक्का व रेल्वे अपघात यांनी आधीच दबलेल्या या संख्येला पिल्लांचे मृत्यू परवडणारे नाहीत.

निगराणी कशी केली जाते?

पाळीव पिल्लाच्या बाबतीत कानामागील शिरेतून ठरावीक अंतराने, शक्य तर दर आठवड्याला, रक्त घेतले जाते. पीसीआर चाचणीने त्यातील विषाणूच्या डीएनएचे प्रमाण मोजतात. लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीच हे प्रमाण वाढू लागते. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट यांची घट हीही पूर्वसूचना होय. याच मुदतीत फॅमसायक्लोव्हिरसारखी विषाणूरोधक औषधे, शिरेतून द्रव आणि प्रौढ हत्तीच्या रक्तातील प्लाझ्मा दिल्यास पिल्लू वाचण्याची शक्यता वाढते. प्रौढ हत्तींच्या सोंडेत निर्जंतुक मिठाचे पाणी घालून ते पिशवीत परत गोळा करतात व त्यातून बाहेर पडणाऱ्या विषाणूचा शोध घेतात. या सर्व प्रक्रियेला हत्तीचे सहकार्य लागते आणि ते माहुताशिवाय मिळत नाही. पिल्लाने आज चारा कमी खाल्ला, ही बाब सर्वप्रथम त्याच्याच लक्षात येते.

रानटी हत्तींबाबत ही सोय नाही. तेथे निगराणीचे मुख्य साधन म्हणजे मृत पिल्लाचे वेळीच केलेले शवविच्छेदन. उष्ण हवेत मृतदेह लवकर कुजतो. त्यामुळे हृदय, यकृत, प्लीहा व जीभ यांचे नमुने त्वरेने घेऊन शीतसाखळीतून प्रयोगशाळेत पोहोचवावे लागतात. असे नमुने न घेतल्यास मृत्यूचे खरे कारण नोंदीत येत नाही.

जयपूरचे वेगळेपण

जयपूरसारख्या प्रौढ हत्तींच्या वस्तीत या रोगाचे मृत्यू दिसण्याची शक्यता कमी असते. परंतु रोग दिसत नाही म्हणजे विषाणू नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. पिल्ले नसल्यामुळे त्याचे अस्तित्व उघड होत नाही, एवढेच. येथील हत्तिणीला पिल्लू झाले किंवा ती पिल्ले असलेल्या केंद्रात हलविली गेली, तर हा प्रश्न पुढे येतो.

जयपूरच्या हत्तींबाबत २०१८ मध्ये आरोग्य तपासणीची चर्चा झाली, ती क्षयरोगाच्या संदर्भात. क्षय हा जिवाणूजन्य रोग आहे. तो माणसाकडून हत्तीला आणि हत्तीकडून माणसाला होऊ शकतो. तेथे बाधित प्राणी ओळखून त्याला वेगळे ठेवणे हाच मार्ग आहे. ईईएचव्हीचा माणसाला संसर्ग होत असल्याचे आढळलेले नाही. दोन्ही रोगांचे स्वरूप भिन्न असले, तरी प्रत्येक हत्तीची ओळख, त्याचा प्रवास आणि चाचण्यांची सलग नोंद ही दोहोंची समान गरज आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हत्तीचा समावेश आहे. २०२२ च्या दुरुस्तीने वैध मालकी प्रमाणपत्र असलेल्या पाळीव हत्तींचे हस्तांतरण धार्मिक वा अन्य प्रयोजनासाठी करण्यास अनुमती दिली. त्यानुसार २०२४ मध्ये नियम करण्यात आले. हत्तीची जनुकीय ओळख नोंदविणे व वाहतुकीपूर्वी पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र घेणे त्यांत अपेक्षित आहे. मात्र वरवर निरोगी दिसणाऱ्या प्रौढ हत्तीतील सुप्त विषाणू केवळ पाहून कळत नाही. प्रमाणपत्रासोबत रक्ताची व सोंडेच्या स्रावाची तपासणी झाली, तर ही ओळखपत्रे आरोग्याच्याही नोंदी ठरतील.

लसीकडे वाटचाल

अमेरिकेतील ह्यूस्टन प्राणिसंग्रहालयात २०२४ मध्ये एका आशियाई हत्तिणीला या रोगावरील एमआरएनए लस प्रथमच देण्यात आली. इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालय व सरे विद्यापीठ यांनी प्रौढ हत्तींवर केलेल्या लसचाचणीचे उत्साहवर्धक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पिल्लांचा मृत्यू या लशी कितपत टाळतात, हे सिद्ध होण्यास अवधी लागेल. लस आली तरी ती कोणत्या पिल्लाला, कोणत्या वयात द्यावी, हे रक्तातील प्रतिपिंडांच्या नोंदीवरूनच ठरणार आहे.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. गडचिरोलीतील कमलापूर येथे वन विभागाचा हत्ती कॅम्प आहे आणि २०२१ पासून त्याच जिल्ह्यात छत्तीसगडमार्गे आलेला रानटी कळप वावरत आहे. पाळीव व रानटी हत्तींची नोंद स्वतंत्र दप्तरांत न ठेवता एकत्र अभ्यासली जाणे, पशुवैद्यक, वनरक्षक व माहूत यांना नमुने घेण्याचे प्रशिक्षण मिळणे आणि नमुने वेळेत तपासणाऱ्या प्रयोगशाळा जवळ असणे, या तीन बाबींवर हत्तींच्या पुढील पिढीचे आरोग्य अवलंबून राहील.