बारावीनंतरचे बँक खाते : ओव्हरड्राफ्टची चौकशी करण्याआधी आधार जोडणी तपासा

फी भरायची जूनपासून, कापसाचा पैसा दसऱ्यानंतर आणि शिष्यवृत्ती त्याहून उशिरा. या मधल्या काळात विद्यार्थ्याच्या हाती असलेले खाते नेमके काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याचा हा आढावा.

बारावीचा निकाल लागला की जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूरमधील बँकांत नवे खाते उघडणाऱ्या विद्यार्थ्यांची ये-जा वाढते. कुणाला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा असतो, कुणाला पुणे-नाशिक गाठायचे असते. सोबत आलेल्या पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात : किमान किती रक्कम ठेवावी लागेल, आणि पैसे कमी पडले तर बँक काही उचल देईल का? दुसऱ्या प्रश्नाला हल्ली 'स्टुडंट ओव्हरड्राफ्ट' असे नावही मिळाले आहे. मात्र शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी याहून महत्त्वाचा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही : आपला आधार क्रमांक आज कोणत्या बँकेकडे जोडलेला आहे?

'स्टुडंट ओव्हरड्राफ्ट' येथे मिळतो का?

ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यात शिल्लक नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढण्याची सवलत. ही रक्कम बँकेची असते आणि जितके दिवस वापरली तितक्या दिवसांचे व्याज लागते. ब्रिटनमध्ये विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचा पुरावा दाखवला की अनेक बँका विद्यार्थ्याला बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट असलेले खाते देतात. तिथेही ही सोय प्रामुख्याने स्थानिक रहिवाशांसाठी असते. शिकायला परदेशातून आलेल्याला ती सहसा मिळत नाही.

भारतातील नेहमीच्या विद्यार्थी बचत खात्याला अशी मर्यादा आपोआप लागत नाही. 'झिरो बॅलन्स' म्हणजे शिल्लक शून्य झाली तरी दंड नाही. शून्याखाली जाऊन पैसे काढता येतील, असा त्याचा अर्थ नाही. या दोन गोष्टींची गल्लत अनेकदा होते.

खान्देशातील शेतकरी घरांना ही कल्पना मात्र अनोळखी नाही. किसान क्रेडिट कार्डाचे पीककर्ज याच पद्धतीने चालते : मर्यादा मंजूर, लागेल तशी उचल, पीक आल्यावर भरणा.

मग कोणते खाते उघडावे?

किमान शिलकीची अट नको असेल तर 'मूलभूत बचत ठेव खाते' मागावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते प्रत्येक बँकेने द्यायचे असते. त्यात किमान शिल्लक लागत नाही, एटीएम कार्डाला वार्षिक शुल्क नसते आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणे मोफत असते. एक अट लक्षात ठेवावी : हे खाते असताना त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. स्टेट बँकेने तर २०२० पासून साध्या बचत खात्यांवरील किमान शिलकीची अटच काढली आहे. इतर बँकांचे नियम वेगवेगळे आहेत, ते अर्ज करण्याआधी विचारून घ्यावेत.

पोस्टमनमार्फत घरबसल्या उघडता येणारे इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते साक्री, चोपडा, यावल तालुक्यांतील दूरच्या गावांना सोयीचे आहे. शिष्यवृत्ती घेण्यासाठी ते चालते. मात्र पेमेंट्स बँकेला कर्ज देण्याची परवानगीच नसल्याने त्यावर ओव्हरड्राफ्ट मिळणे शक्य नाही आणि दिवसअखेर शिल्लक दोन लाखांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

मोबाइलवर केवळ ओटीपी देऊन पाच मिनिटांत उघडलेल्या खात्यालाही मर्यादा आहेत. शिल्लक एक लाखापर्यंत, वर्षभरात जमा दोन लाखांपर्यंत आणि वर्षाच्या आत पूर्ण केवायसी न केल्यास खाते बंद. फी आणि वसतिगृहाचा खर्च याच खात्यातून करायचा असेल तर शाखेत जाऊन किंवा व्हिडिओ केवायसी करून ते आधीच पूर्ण करून घेतलेले बरे.

गावातील पतसंस्थेचे खाते मात्र या कामाचे नाही. पतसंस्था ही बँक नव्हे. थेट लाभाची रक्कम तिथे येत नाही आणि बँक ठेवींना असलेले पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षणही तिथल्या ठेवींना नाही. पतसंस्थांत ठेवी अडकल्याचा अनुभव जळगाव जिल्ह्याने मोठ्या प्रमाणावर घेतला आहे.

अठरा पूर्ण नसतील तर?

प्रवेशाच्या वेळी अनेक विद्यार्थी सतराच वर्षांचे असतात. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या सूचनांनुसार दहा वर्षांवरील मुले स्वतःच्या नावे बचत खाते उघडून चालवू शकतात. त्याच्या मर्यादा बँक ठरवते. पण अल्पवयीनाचे खाते कधीही उणे होऊ द्यायचे नाही, असेही याच सूचना सांगतात. म्हणजे अठराच्या आत ओव्हरड्राफ्टचा प्रश्नच उद्भवत नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर शाळेतले जुने खाते आपोआप 'मोठे' होत नाही. नवी सही, नवा फोटो आणि खाते चालवण्याच्या नव्या सूचना बँकेला द्याव्या लागतात. हे राहून गेले तर नेमक्या फी भरण्याच्या दिवशी व्यवहार अडकू शकतो.

आधार 'लिंक' आणि 'सीडिंग' : फरक काय?

शिष्यवृत्तीचे सर्वाधिक घोळ इथे होतात. खाते उघडताना आधार कार्ड दिले म्हणजे ते ओळखीचा पुरावा म्हणून नोंदले गेले. महाडीबीटीवरून येणारी रक्कम मात्र खाते क्रमांक पाहून जात नाही. राष्ट्रीय देयक महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या नोंदीत त्या आधार क्रमांकापुढे ज्या बँकेचे नाव असेल तिथे ती जाते. या नोंदीला 'आधार सीडिंग' म्हणतात आणि एका आधार क्रमांकापुढे एका वेळी एकच बँक असते. नव्या बँकेने सीडिंग केले की जुन्या बँकेची नोंद सुटते.

यातून दोन प्रकारचे घोटाळे होतात. सीडिंग शाळेच्या काळातील, आता वापरात नसलेल्या खात्याशी राहिले तर शिष्यवृत्ती तिकडे जाते किंवा परत फिरते. दुसरीकडे, सिमकार्ड घेताना किंवा एखाद्या ॲपवर सहज उघडलेल्या खात्याला सीडिंगची संमती दिली गेली तर पैसे तिकडे वळतात आणि विद्यार्थी मूळ खात्याचे पासबुक भरत राहतो. आईवडिलांसोबतच्या संयुक्त खात्यात तर आधार पालकाचा असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून खाते विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावे असावे.

मायआधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' या पर्यायात कोणती बँक जोडलेली आहे आणि नोंद सुरू आहे की नाही, हे ओटीपी देऊन काही मिनिटांत कळते. बदल करायचा असेल तर हव्या असलेल्या बँकेत सीडिंगचा संमती अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि काही दिवसांनी पुन्हा तपासावे.

ही रक्कम किरकोळ नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागासवर्गीयांसाठीची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना या तिन्हींत वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला भोजन, निवास व निर्वाहासाठी पैसे मिळतात. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्यासाठी ही रक्कम वर्षाला ६० हजार रुपये आहे, लहान शहरांत त्याहून कमी. सीडिंग चुकले तर अडकते ती खोलीच्या भाड्याची आणि खानावळीची रक्कम.

शिष्यवृत्तीसाठी उघडलेले शून्य शिलकीचे खाते दोन वर्षे व्यवहार झाला नाही म्हणून 'निष्क्रिय' ठरवू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. एखाद्या शाखेने तसे सांगितल्यास विद्यार्थ्याने हा नियम दाखवावा.

जनधनचा ओव्हरड्राफ्ट कोणाला?

ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेत ओव्हरड्राफ्टची तरतूद आहे. मूळ मर्यादा पाच हजार होती, ती २०१८ मध्ये दहा हजार करण्यात आली. त्यातील दोन हजारांपर्यंतची रक्कम अटींविना देण्याची तरतूद आहे. वय १८ ते ६५, खाते किमान सहा महिने नीट चाललेले आणि कुटुंबातील एकाच खात्यावर, शक्यतो घरातील महिलेच्या, हा लाभ मिळतो.

त्यामुळे जुलैत खाते उघडून ऑगस्टची फी भरण्यासाठी विद्यार्थ्याला त्याचा उपयोग नाही. आईचे जनधन खाते नियमित चालत असेल तर तिथे विचारणा करता येते. समजा दहा हजार रुपये १२ टक्के दराने ४५ दिवस वापरले, तर व्याज साधारण १४८ रुपये होते. रक्कम लहान असली तरी पुस्तके, प्रवास आणि पहिल्या महिन्याची खानावळ एवढे त्यात निघू शकते.

मोठा खड्डा कसा भरायचा?

घरात मुदत ठेव असेल तर ती मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घेता येतो. साधारणपणे ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असते आणि तेही वापरलेल्या रकमेवरच. तीन-चार महिन्यांसाठी हा सर्वांत स्वस्त मार्गांपैकी एक आहे.

किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेतही १० टक्के भाग घरखर्च आणि काढणीनंतरच्या गरजांसाठी धरलेला असतो. मात्र पेरणीचा पैसा फीकडे वळवला आणि मुदतीत भरणा झाला नाही, तर पीककर्जावरील व्याज सवलत हातची जाते. हा हिशेब आधी करावा.

फी मोठी असेल तर शैक्षणिक कर्ज हाच सरळ मार्ग. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. हप्ते सहसा अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात, व्याज मात्र आधीपासून चढत असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंत, व्याजात तीन टक्के सवलत आहे. आपले कॉलेज त्या यादीत आहे का, हे आधी पाहावे.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी व ईडब्ल्यूएस मुलींना राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये शिक्षण व परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत लागू केली. कर्जाची रक्कम ठरवण्यापूर्वी ही पात्रता तपासली, तर कर्ज कमी काढावे लागेल.

ॲपचे कर्ज आणि भाड्याचे खाते

पैसे कमी पडले की मोबाइलवरील कर्ज पहिल्यांदा दिसते. समजा पाच हजार मागितले, पाचशे प्रक्रिया शुल्क कापून साडेचार हजार हाती आले आणि तीस दिवसांनी ५,२५० भरायचे आहेत. म्हणजे साडेचार हजारांवर महिन्याला ७५० रुपये, वर्षाच्या हिशेबाने सुमारे २०० टक्के. नियमानुसार कर्ज देणाऱ्याने एकूण वार्षिक खर्चाचा दर कर्जाआधी लेखी सांगायला हवा. तो दिसत नसेल तर पुढे जाऊ नये. थकलेला छोटा हप्ताही पतनोंदीत राहतो आणि पुढे शैक्षणिक कर्जाच्या अर्जात आडवा येतो.

दुसरा सापळा अधिक गंभीर आहे. 'खाते आणि एटीएम कार्ड दे, महिन्याला काही हजार घे' असे सांगणारे लोक ऑनलाइन फसवणुकीचा पैसा फिरवण्यासाठी विद्यार्थ्यांची खाती वापरतात. पोलिसांचा माग खातेदारापर्यंतच येतो, खाते गोठते आणि शिष्यवृत्तीही त्यातच अडकते. असा प्रकार घडला असेल तर बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तातडीने कळवावे.

प्रवेशापूर्वी एवढे करा

आधार, पॅन आणि मोबाइल क्रमांकावरील नाव व जन्मतारीख जुळते का पाहावे. स्वतःच्या नावे एकच मुख्य खाते ठरवावे आणि सीडिंग त्याच बँकेचे करून घ्यावे. मोबाइल क्रमांक पालकाचा असेल तर बाहेरगावी ओटीपीसाठी खोळंबा होतो, म्हणून तो विद्यार्थ्याचा ठेवावा. पुण्याला गेल्यावर नवे खाते उघडण्याची गरज नाही. शाखा बदलून मिळते आणि खाते क्रमांक सहसा तोच राहतो. किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडापायी खाते उणे करता येत नाही, हेही लक्षात असावे.

बँकेने दाद दिली नाही तर लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.